नाटकाचा तास कोण घेणार?

शाळेत नाटक हा विषय हवा, ही मागणी महाराष्ट्रात असताना मी ऐकत होते आणि आता कॅलिफोर्नियात बसून मराठी बातम्या वाचतानाही ऐकते. नाट्यसंमेलनाच्या व्यासपीठावर ती होते, टाळ्या पडतात, मंत्रिमहोदय सकारात्मक असतात, आणि पुढच्या संमेलनात तीच मागणी पुन्हा होते. मागणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे. ज्यांना तो तास मिळायचा ती मुलं त्या मंडपात असलीच तर स्वागतगीत म्हणायला.

गंमत म्हणजे जे मागतोय ते कागदावर आधीच आहे. राज्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ‘कला’ या विषयाखाली चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य आणि नाट्य असं सगळं येतं. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकातही नाट्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत पाडायची भाषा केली. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला शिक्षणाला स्वतंत्र स्थान दिलं आणि त्यात रंगभूमीचा स्पष्ट उल्लेख केला. सहावीच्या एनसीईआरटीच्या ‘कृती’ या पुस्तकात दृश्यकला, संगीत, नृत्य यांच्या बरोबरीने नाटकही आहे. म्हणजे वही तयार आहे, पानं आखलेली आहेत. २०२५ मध्ये आपल्याकडे नव्या आराखड्यावर बोलायची संधीही आली होती, पण पहिलीपासून हिंदी शिकवायच्या वादाने ती सगळी खाऊन टाकली. वाद महत्त्वाचाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांत कला शिक्षणाच्या प्रकरणाबद्दल एक अग्रलेखसुद्धा माझ्या वाचनात आला नाही.

इथे अमेरिकेत सगळं आलबेल आहे, असा समज करून घेऊ नका. परदेशातून लिहिणाऱ्याला ती खोड असते: तिकडचं सगळं वाकडं, इकडचं सगळं सरळ. आकडे वेगळंच सांगतात. केंद्रीय शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार २००९-१० मध्ये सरकारी प्राथमिक शाळांपैकी ९४ टक्के शाळांत संगीत शिकवलं जात होतं, ८३ टक्क्यांत चित्रकला, आणि नाटक फक्त ४ टक्क्यांत. त्याच्या दहा वर्षं आधी हाच आकडा २० होता. मधल्या काळात वाचन आणि गणिताच्या वार्षिक चाचण्यांवर शाळेची पत ठरू लागली होती. माध्यमिक शाळांत परिस्थिती बरी होती, ४५ टक्के शाळांत नाटक होतं. पण सिनेमात दिसणारी ती अमेरिकन शाळा, जिथे प्रत्येक मुलगा कुठल्या ना कुठल्या म्युझिकलमध्ये नाचतोय, ती निम्म्याहून अधिक माध्यमिक शाळांत नव्हती. आणि जिथे आहे तिथेही पालकांनी केक विकून, वर्गणी काढून जमवलेल्या पैशांवर नेपथ्य उभं राहतं. पालक सधन असतील तर फिरता रंगमंच, नसतील तर कार्डबोर्ड.

फरक दुसरीकडे आहे, आणि तो मला एका संध्याकाळी स्कूल बोर्डाच्या बैठकीत दिसला. हे बोर्ड म्हणजे लोकांनी निवडून दिलेलं स्थानिक शाळा मंडळ. बैठक उघडी असते, कुणीही चिठ्ठी देऊन दोन-तीन मिनिटं बोलू शकतं. पटसंख्या घटल्यामुळे एका हायस्कूलच्या नाटकाच्या शिक्षिकेचं पद अर्धवेळ करायचा प्रस्ताव होता. मी गेले होते बससेवेच्या मुद्द्यासाठी. माझ्या आधी रांगेत पंधरा-सोळा वर्षांची पोरं उभी होती. मला वाटलं, आता भावनांचा पूर येणार: नाटकाने माझं आयुष्य बदललं वगैरे. एक-दोघं तसं बोललीही. पण नंतर आलेल्या मुलीच्या हातात अंदाजपत्रकाची पानं होती. तिने विचारलं की २०२२ च्या सार्वमतातून आलेला कलांसाठीचा निधी या पदाच्या पगारात दाखवून जुना पैसा दुसरीकडे वळवला जातोय का, कारण कायद्यानुसार तो निधी असलेल्या खर्चात भर म्हणून वापरायचा आहे, त्याच्या बदली नाही. बोर्डावरच्या एका गृहस्थांनी चष्मा वर केला आणि लेखाधिकाऱ्यांकडे पाहिलं. पुढचा मुलगा प्रकाशयोजना करणारा. कधी रंगमंचावर पाऊल न टाकलेला, तसं त्याने स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, बाई अर्धवेळ झाल्या तर दुपारनंतर लाइटच्या शिडीवर चढायला कुणा मोठ्या माणसाची देखरेख नसेल, आणि मग विम्याच्या नियमाने शिडीच बंद होईल. इतकं नेमकं बोलणं मी मोठ्यांच्या सभेतही क्वचित ऐकलंय. (बससेवेवर मी स्वतः काय बोलले ते विचारू नका.)

ही पोरं हे शिकली कुठे? नाटकाच्या तासाला. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, दिलेल्या वेळेत संपवायचं, समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं, आणि आपलं वाक्य संपल्यावर दुसऱ्याला जागा करून द्यायची, हे चार दिवसांच्या वक्तृत्व शिबिरात येत नाही. ‘मुलांचा आत्मविश्वास वाढतो’ या गुळगुळीत वाक्यापेक्षा मला हा पुरावा जास्त पटतो.

पुराव्याचं निघालंच आहे तर एक सावधगिरी. नाटकामुळे गणिताचे गुण वाढतात, असं सांगून विषय विकायचा मोह इथल्या कार्यकर्त्यांनाही होतो. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने २००० साली जुन्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, तेव्हा कलांमुळे एकूण शैक्षणिक गुण वाढतात याला भक्कम आधार सापडला नाही. पण ज्या मोजक्या बाबतींत कार्यकारणभाव दिसला त्यांत एक होती वर्गातली नाट्यीकरणं आणि मुलांची भाषिक क्षमता. गोष्ट वाचून ती उभी केली की ती जास्त समजते आणि नवं काही वाचतानाही त्याचा उपयोग होतो. पुढे ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांवर झालेल्या प्रयोगात कला शिक्षण वाढवलेल्या शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या आणि लेखनाचे गुण सुधारले. आपल्याकडे चौथी-पाचवीतल्या कित्येक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, यावर दर वर्षी हळहळ होते. त्या हळहळीत नाटकाचं नाव कुणी घेत नाही.

आता मुद्द्यावर येते. मला वाटतं, आपण मागतोय ती वस्तूच चुकीची आहे. विषय मागू नका, माणूस मागा.

चित्रकलेचं बघा. चित्रकलेचा शिक्षक ही महाराष्ट्रात एक जातकुळी आहे. त्याला एटीडीसारखी पदविका आहे, मुलांसाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आहेत, त्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण आहेत. पदं कमी झाली, रिकामी राहिली, तरी ते पद काय असतं हे मुख्याध्यापकाला ठाऊक असतं. नाटकाच्या शिक्षकाचं असं काहीच नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी, छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, इथून दर वर्षी मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि मालिकांच्या ऑडिशनच्या रांगेत उभी राहतात. त्यांच्यातल्या कुणाला शिकवायची हौस असली तरी शाळेत शिरायला त्यांच्या नावाचं दारच नाही.

कॅलिफोर्नियात हीच अडचण होती. १९७० च्या कायद्याने इथला नाटकाच्या शिक्षकाचा स्वतंत्र परवाना गेला. नंतरची साडेचार दशकं नाटक शिकवायचं तर इंग्रजीचा परवाना घ्यावा लागे. म्हणजे हॉलिवूड ज्या राज्यात आहे तिथे नाटकाचा शिक्षक कागदोपत्री अस्तित्वात नव्हता! २०१६ साली कायदा झाला आणि नाट्य व नृत्य यांचे वेगळे परवाने परत आले. त्यानंतर २०२२ चं ते सार्वमत, प्रपोझिशन २८. शालेय शिक्षणाच्या ठरलेल्या निधीच्या एक टक्क्याइतकी जादा रक्कम फक्त कलांना. पहिल्या वर्षी ती सुमारे ९४ कोटी डॉलर होती. पाचशे किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्यांनी (एका स्थानिक मंडळाखालच्या शाळा म्हणजे एक शाळा-जिल्हा) त्यातले ८० टक्के माणसांच्या नेमणुकीवरच खर्च करायचे. पडदे, ध्वनियंत्रणा, उद्घाटनाचा हार यांच्यावर नाही. ही अट ज्याने घातली त्याला शाळा कशी चालते हे नीट माहीत असणार.

आपल्याकडे उलटा प्रवास झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा जास्त मुलं असतील तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे ती शिकवणारा माणूस, असावा असं आहे. हा पाया होता, आपण त्याला छत मानलं. २०१५ मध्ये कला, क्रीडा, कार्यानुभवासाठी मानधनावरचे ‘अतिथी निदेशक’ आणायचा निर्णय निघाला तेव्हा शिक्षक संघटना संतापल्या, ते बरोबरच होतं. मानधनावरचा माणूस तालीम घ्यायला साडेपाचनंतर का थांबेल? आणि एखाद्या संहितेवरून गावात गोंधळ झाला तर त्याच्या मागे कोण उभं राहील? २०२४ च्या फेब्रुवारीत ललित कला केंद्रातला विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडला गेला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांनाच अटक झाली. विद्यापीठात ही तऱ्हा असेल तर शाळेतला कंत्राटी माणूस शहाणपणाने शिवाजी महाराजांचा पोवाडा आणि झाडे लावा-झाडे जगवा एवढ्यावरच थांबणार.

मराठी मुलांच्या नाटकाची परंपरा काय थोडी आहे? अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आलेल्या सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं. रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी आयुष्यभर लिहिलं. सुलभा देशपांडेंची ‘चंद्रशाला’, मोहन आगाशेंनी बर्लिनहून पुण्यात आणलेलं ‘ग्रिप्स’, आणि दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बहरलेली प्रायोगिक रंगभूमी. शेवटचं उदाहरण मला नेहमी खुपतं. सभागृह शाळेचं, पण नाटक शाळा सुटल्यावरचं, मोठ्यांचं. बाकी सगळंही शाळेच्या फाटकाबाहेर, शहरात, आणि पालक आणून सोडतील त्या मुलांसाठी. आजची मे महिन्यातली नाट्यशिबिरं तशीच, फी भरणाऱ्यांची. शाळेच्या आत उरतं ते गॅदरिंग, आणि गॅदरिंगमध्ये कोण असतं? स्पष्ट बोलणारा, गोरा-गोमटा, शिक्षकांचा लाडका. उरलेले चाळीस जण खुर्च्या लावतात. तासाला नाटक असेल तर त्या चाळिसांना टाळता येत नाही, म्हणून मला स्पर्धा आणि करंडकांपेक्षा वेळापत्रकातले आठवड्याचे दोन तास जास्त मोलाचे वाटतात.

हे सगळं मी माझ्या मावसबहिणीला, माईला, फोनवर ऐकवलं. ती सांगली जिल्ह्यात अनुदानित शाळेत शिकवते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगं, तुझी ती पोरं बोर्डापुढे बोलली. आमच्याकडे पोरं काही मागायला ऑफिसात गेली, तर पहिला प्रश्न येतो: वडिलांचा नंबर सांग.”

मी तिला शाळा व्यवस्थापन समितीची आठवण करून दिली. शिक्षण हक्क कायद्याने आलेल्या या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि महाराष्ट्राच्या नियमांत दोन विद्यार्थ्यांनाही जागा आहे, त्यात एक मुलगी. दोन मिनिटांची चिठ्ठी नव्हे, खुर्ची आहे. “असतात की,” माई म्हणाली, “सहीपुरते. चहा आला की त्यांना वर्गात पाठवतात.” मग जरा थांबून तिनेच सांगितलं की गेल्या वर्षी आठवीच्या मुलीने बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीचा विषय काढला, आणि पंधरा दिवसांत कडी लागली. कुणीतरी तिला चहाआधी बोलू दिलं होतं, एवढंच.

मग माईने खरा प्रश्न टाकला. “आमच्याकडे गणिताची जागा रिकामी आहे. त्यात नाटकाचा माणूस मागितला तर गाव मला वेड्यात काढेल. तू सांग, आधी कोण?” हा प्रश्न इथेही विचारला जातो, अगदी याच शब्दांत. कॅलिफोर्नियाने त्याला दिलेलं उत्तर असं की गणित आणि नाटक यांना एका ताटात वाढायचंच नाही: कलांचा पैसा कायद्याने वेगळा काढायचा, गणिताच्या जागेला त्याने धक्का लागू द्यायचा नाही, आणि त्यातला ३० टक्के वाटा शाळेत गरीब घरची मुलं किती आहेत हे बघून वाटायचा. माईला एक टक्का हा आकडा फार लहान वाटला. “एवढ्याने काय होतंय?” मी म्हटलं, आधी राज्याच्या अंदाजपत्रकात तो शोधून तर दाखव. सध्या तिच्या वर्गातली दोन मुलं त्याच कामाला लागली आहेत. नागरिकशास्त्राचा प्रकल्प म्हणून.