रातची लाईट आणि हक्काची झोप

सध्या परभणी, हिंगोली, जालना, कुठंही रात्री दीड-दोनला गावाबाहेर बघा. रानारानात बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसतील. हरभऱ्याला, गव्हाला पाणी चालू असतं. पाण्याच्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, ही पाळी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली. तिच्यावर बोलताना आपण साप, विंचू, थंडी, शॉक यावर बोलतो. बोललंच पाहिजे, माणसं जातात त्यात. पण त्या पाळीत प्रत्येक घरातून जी गोष्ट जाते, त्या झोपेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. पहिल्या तासाला मागच्या बाकावर माना टाकणारी पोरं असतात. विचारलं की उत्तर येतं, "सर, रातच्याला दारं धरायला गेल्तो." म्हणजे पिकाला पाणी द्यायला. या पोरांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं ते रात्रीच्या झोपेत, आणि नेमकी तीच त्यांना मिळत नाही.

रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण नव्वद मिनिटांचा एक फेरा, असे चार-पाच फेरे होतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते, तर पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन अॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी या झोपेची नोंद केली. मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, आणि तेव्हा उठवलं तर बहुतेक माणसं स्वप्न सांगतात. या झोपेत नॉरअॅड्रेनॅलिन, म्हणजे ताण आला की मेंदूला सावध करणारं रसायन, जवळजवळ थांबलेलं असतं. काही संशोधक म्हणतात की दिवसभरातली भीती, अपमान, काळजी मेंदू या वेळी पुन्हा हाताळतो, पण धडधडीशिवाय, म्हणून सकाळी ती थोडी कमी बोचते. स्वप्नं कशासाठी पडतात यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. मला मात्र हे पटतं. सावकाराचं बोलणं ऐकून झोपलेला माणूस पुरी झोप झाल्यावर निदान त्यावर विचार करू शकतो. तेच बोलणं ऐकून रात्रभर पाण्यात उभा राहिलेला माणूस सकाळी बायकोपोरांवर खेकसतो.

"दिवसा झोपावं की मग," असं शहरातले नातेवाईक सहज म्हणतात. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ सरकतं ते साधारण दिवसाला एखादा तास. ते सरकून पुरतं बसायच्या आत लाईटीची पाळी उलटते. शिवाय दिवसा पत्र्याखाली, म्हशीच्या धारा, दूध, फवारणी, बँकेतली चक्कर यातून झोपायचं कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच रातपाळीचं काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत धरलं. कारखान्यात रातपाळीला निदान हजेरी आणि पगार आहे.

मोटारीला ऑटो बसवा, हाही सल्ला मिळतो. ऑटो मोटार चालू करतो, पण दारं मोडायला आणि तुषारचे पाईप हलवायला माणूस लागतोच. आणि लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी, म्हणजे रानातला ट्रान्सफॉर्मर, जळते, ते वेगळंच.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे उघड बोलली जात नाही. झोपेतून जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं आणि ओरडावं तर आवाज फुटत नाही. गावात लगेच ठरतं, "बाहेरचं हाय." मग देवऋषी, अंगारा, कोंबडं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू सैल सोडतो, आपण स्वप्नात पळताना खरंच पळू नये म्हणून. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू काही क्षण मागे राहतात, तेवढंच ते असतं. झोप अपुरी असलेल्यांना, झोपेच्या वेळा सारख्या बदलणाऱ्यांना हे जास्त होतं. म्हणजे रातच्या लाईटीच्या माणसाला होण्याची शक्यता जास्तच. तो वेडा नाही आणि त्याला कुणी धरलेलं नाही. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याला हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, हे माझ्या बापाला सांगता का?" वडिलांना सारखं तसं होत होतं आणि घर भीतीनं अर्धं झालं होतं.

बाईची झोप तर कुणीच धरत नाही. नवरा रानात गेला की तिचा कान दाराशी. कुत्रं भुंकलं की ती उठून बसते. तो फोन उचलत नाही तोवर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि पाचला चूल तिचीच असते.

हे मी का लिहितोय? झोपेची जुनी तक्रार असलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. न सुटणारी निद्रानाशाची तक्रार आणि सारखी पडणारी भयाण स्वप्नं यांचा जीव देण्याच्या विचारांशी संबंध आढळला आहे. मराठवाड्यात तरी हे हलक्यात घेऊ नये. आत्महत्येची कारणं कर्ज, पाऊस, भाव ही आहेतच, ती झोपेनं सुटत नाहीत. पण त्या कर्जाशी झगडायला डोकं जागेवर लागतं. घरात कुणाची झोप उडाली असेल, बोलणं तुटलं असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

दिवसा वीज देऊ म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली. काही फीडरवर, म्हणजे गावांना वीज नेणाऱ्या वाहिन्यांवर, फरक पडला, ते नाकारत नाही. पण जिथं पडला नाही तिथं तोवर काय? रात्रीची पाळी द्यायचीच असेल तर ती अकराच्या आत संपवा किंवा चारनंतर सुरू करा. मधले पाच तास सलग झोप मिळाली तरी माणूस सावरतो. आणि गावात आरोग्य शिबिर लागतं तेव्हा बीपी-शुगरसोबत एक प्रश्न विचारा, झोप लागते का?

तुमच्या फीडरला या महिन्यात कोणत्या वेळेची लाईट आहे, ते गाव आणि तालुक्यासकट खाली लिहा. यादी करून निवेदनाला जोडणार आहे.