मालक बाहेर बसलेत

काल संध्याकाळी रोपांना पाणी घालत होते, तर फोन वाजला. पलीकडे एक गृहस्थ, आवाज चढलेला. "जरा मालकांना द्या." म्हटलं, बोला, मीच. "तुम्ही नाही हो, ते टोपीवाले." टोपीवाले मालक त्या वेळी बसच्या दांडीला धरून आपल्या घरी चालले होते. माझ्या नर्सरीशी त्यांचा संबंध एवढाच, की समोरच्या थांब्यावर सावली नाही.

नर्सरी बेळगावजवळ, पिरनवाडीच्या पुढे, खानापूर रस्त्याला. थांबा म्हणजे एक खांब. त्यामुळे बसची वाट बघणारी मंडळी माझ्या शेडनेटखाली येऊन उभी राहतात, आणि हे टोपीवाले मामा उभे न राहता बसतात. आमच्याकडे एकच खुर्ची आहे, ती मामांची. बसवरची पाटी कन्नडमध्ये आणि मामा मराठी शाळेतले, म्हणून "ही कुठली ओ अक्का?" या प्रश्नाला उत्तर देणं माझ्याकडे. शिवाय जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, त्याचा जाबही मीच द्यायचा. "तिकीट आमी काडायचं आणि बसायला तुमी!" मी स्कूटरने ये-जा करते हे त्यांना दिसतं, पण त्यांच्या मते तो वेगळा विषय.

तर हे गृहस्थ दुपारी आले. फेब्रुवारी संपला की आमच्याकडे चित्र पालटतं. थंडीभर मिरवलेले पेटुनिया आणि डायंथस उन्हापुढे माना टाकतात आणि जो तो मोगरा मागत येतो. जानेवारीत छाटलेला मोगरा आत्ता कुठे फुटलेला असतो. मी हातात नळी, पाय चिखलात, डोक्याला ओढणी बांधलेली. त्यांनी गाडीतून उतरून माझ्याकडे बघितलं, खुर्चीवरच्या मामांकडे बघितलं, आणि सरळ मामांना नमस्कार घातला.

"मालक, ऐकलंय की तुम्ही सेंद्रिय करता?"

मामांनी टोपी सारखी केली. "व्हय की. सगळं शेणावर हाय."

इथे मी तोंड उघडायला हवं होतं, पण नळी सोडली तर वाफ्यात डबकं होणार, म्हणून तिथूनच ओरडून सांगितलं की मालक मी आहे. गृहस्थ हसले. "छान, छान. बायकांनी पुढे आलंच पाहिजे," म्हणाले आणि पुन्हा मामांकडे वळले.

यंदा मी लहान रोपांची काळी प्लास्टिक पिशवी बंद केली आहे. त्याऐवजी सुपारीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद सालीचे वाडगे, आणि अगदी बारक्या रोपांना जुन्या वर्तमानपत्राची पुडी. विरी शिरसीकडून मागवते. पिशवीपेक्षा कितीतरी महाग पडते, पण रोपासकट मातीत लावता येते. गृहस्थांनी वाडगा उचलला, सगळ्या बाजूंनी फोटो काढला आणि भुवई वर केली.

"पण मालक, वरची ही शेडनेट? हे तर प्लास्टिकच."

मामा वर बघून म्हणाले, "प्लास्टिकच."

"पाण्याची पाइप?"

"ती बी."

"आणि हे निळं पिंप?"

पिंपात जीवामृत होतं, रोपांना घालायचं सेंद्रिय खत. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, तेवढंच गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. त्यावरून आमच्या घरात जे चालतं ते वेगळंच. नवऱ्याचं म्हणणं, पावसाळ्यात मला भजी मिळाली नाहीत, ती या पिंपात गेली. एवढं सगळं सांगायला मी जवळ आले, तोवर गृहस्थांची नजर माझ्या पायांवर.

"चप्पल?"

"चप्पल बी प्लास्टिकचीच हाय ओ," मामा म्हणाले. "मी कवाच बगितलंय."

दोघांनी मिळून माझी अशी तपासणी केली. स्वतः मामा ज्या खुर्चीवर बसले होते ती कसली होती, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मार्चच्या उन्हात शेडनेट काढली तर चार दिवसांत रोपांचा पाचोळा होईल. पण जो थोडं बरं करायला जातो त्याच्याकडेच सगळ्याचा हिशोब मागायचा, असा नियम दिसतो. शेजारच्या वाफ्यावर काय फवारतात ते बघून ये म्हणावं. तिथे कोणी चप्पल विचारत नाही.

मग मोगऱ्याचा भाव. मी ८० म्हटलं. गृहस्थ म्हणाले, "कागद आणि पानंच तर वापरता, मग स्वस्त नको?" मी विरीचा खर्च सांगायला लागले, तर मामा मधेच, "द्या ओ पन्नासला. बोनी हाय." दुपारचे तीन वाजलेले. बोहनी सकाळीच झाली होती, मामांच्या देखत. "सायब लांबनं आल्यात," असं वर. साहेब बेळगावातल्याच टिळकवाडीतून आले होते. गृहस्थांनी पन्नासची नोट मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती कपाळाला लावून माझ्याकडे दिली, तेवढं मात्र मान्य करायला हवं.

जाता जाता गृहस्थ म्हणाले, "एक कॅरीबॅग द्या. गाडीत माती नको."

मी सांगितलं, कर्नाटकात कॅरीबॅगवर २०१६ पासून बंदी आहे, आणि आत्ताच तुम्ही माझी चप्पल काढलीत. "हो, पण सीट नवीन आहे ना," ते म्हणाले. यावर काय बोलणार? मी बोललेच नाही. बोलले मामा. "थांबा की!" खिशातून त्यांनी एक पातळ काळी पिशवी काढली. तिच्यात पावशेरभर भडंग होतं. टोपी काढली, मांडीवर उलटी धरली, भडंग तीत ओतलं, पिशवी झटकली, तळाशी चिकटलेला लसूण बोटाने काढून तोंडात टाकला आणि पिशवी साहेबांना दिली. साहेब गहिवरले. "ही खरी जुनी माणसं," मला म्हणाले. मोगरा त्या पिशवीत, पिशवी गिअरच्या दांड्याला.

पुढचं फोनवर कळलं. पिशवीचा बंद तुटला, मोगरा आडवा, ओला चिखल नव्या सीटवर. विरीचा वाडगा शाबूत होता, हे मीच खोदून खोदून विचारल्यावर कळलं. गाडी धुवायचे ४०० झाले, निम्मे तुम्ही द्या. म्हटलं, पिशवी माझी नव्हती. "मालकांनी स्वतः दिली," ते म्हणाले.

रात्री मला झोप लागली नाही, आणि ती २०० रुपयांसाठी नाही. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून झाडं येतात, टवटवीत, फुलांनी लगडलेली, चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात. लोक तो गोळा तसाच कुंडीत ठेवतात, मुळं गुदमरतात, झाड मरतं, आणि शिव्या खातो बेळगावचा नर्सरीवाला. तरी भाव करताना माझं झाड त्या झाडाशीच तोलायचं. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट भिजवून, खारटपणा जायला पुन्हा पुन्हा धुवायची, तर पाणी वाया घालवते म्हणून बोल. नाही धुतली तर रोपांच्या पानांच्या कडा जळतात म्हणून बोल. पर्यावरणाचं सगळ्यांना फार आहे. फक्त त्याचे वरचे ३० रुपये माझ्याकडचे जायचे.

आज सकाळी मामा आल्या आल्या मी सगळं ऐकवलं. म्हटलं, दोनशेतले शंभर तुमचे. मामांना खरंच वाईट वाटलं. "माझी पिशवी गेली की ओ अक्का. भडंग बी टोपीत मऊ पडलं."

एवढ्यात थांब्यावर दोन बाया आल्या, आणि मामा त्यांना मोठ्याने सांगायला लागले, "पाडव्याला हितंच या. कडुनिंब पायजे तेवडा, फुकट!"

कडुनिंब एकच आहे, नर्सरीच्या फाटकाशी. पाडव्याला लोक डहाळ्या ओरबाडून नेतात, त्याच डहाळ्यांवर मोहोर असतो, आणि मग जूनमध्ये निंबोळ्या मिळत नाहीत. निंबोळ्या नाहीत तर अर्क नाही, आणि अर्क नाही तर पावसाळ्यात मावा किडीवर मी काय फवारू? हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एक-दोन डहाळ्यांनी काय हुतंय? आपला कडुनिंब मोटा हाय."

"आपला?"

"मग ओ अक्का," मामा खुर्ची सावलीत सरकवत म्हणाले, "गिऱ्हाईक संबाळायला नको?"