बर्कलीच्या बेसबॉलचा जमाखर्च : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसने २०१० मध्ये बेसबॉल संघ बंद करायचं ठरवलं, तेच योग्य होतं. तोट्यातला खेळ सरकारी विद्यापीठाने पोसू नये, आणि तो संघ पुढे वाचवणाऱ्या देणगीदारांचं कौतुक करताना मी माझ्या लेखात हिशेबाकडे काणाडोळा केला. मग हिशेबच मांडू.

संघाच्या नावावर दिसणाऱ्या खर्चात शिष्यवृत्त्यांचा वाटा मोठा. क्रीडा विभाग हे पैसे भरतो कुणाकडे? त्याच विद्यापीठाकडे, फी म्हणून. त्यातही अमेरिकी कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्या नियमाने बेसबॉलला तेव्हा संपूर्ण संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांचीच मुभा होती (हे पूर्णांक सात कुणी काढलं, देव जाणे). त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या, प्रत्येकाला किमान पाव शिष्यवृत्ती. संघ ३५ जणांचा. म्हणजे निदान आठ पोरांना खेळाच्या खात्यातून छदामही नाही, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना फीचा एक तुकडाच. फुटबॉलला (अमेरिकन फुटबॉल) मात्र ८५, त्याही पूर्ण.

तुम्ही म्हणाल, बर्कलीत ती जागा फी भरणारा दुसरा कुणी लगेच घेईल. मान्य, म्हणून तिथली बचत अगदीच खोटी नव्हती. पण डिव्हिजन थ्रीमधल्या, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या, छोट्या खासगी कॉलेजात हेच गणित उलटतं. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच. बेसबॉलसाठी आलेली चाळीस पोरं म्हणजे, इतर सवलती वजा जाता, फी भरणारी चाळीस पोरं. पटसंख्या घसरत असलेल्या कॉलेजला ती हवीच असतात.

शिवाय बर्कलीचं दुखणं बेसबॉल नव्हतंच. पाच संघांवर कुऱ्हाड चालवण्याचं ठरत होतं, त्याच सुमारास फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियमवर ३० कोटी डॉलरहून जास्त खर्चाचं काम येऊ घातलं होतं, तेही कर्ज काढून. स्टेडियम हेवर्ड प्रस्तरभंगावर उभं आहे, भूकंपासाठी मजबुती हवीच होती. तरी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असंच झालं.

संघ ओमाहाला, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला, गेला म्हणून खर्च रास्त ठरत नाही, इथे मी तुमच्या बाजूचा आहे. २०११ च्या त्या हंगामात तर मैदानाला फ्लडलाइट नसल्याने सुपर रिजनल (ओमाहाच्या आधीची फेरी) सांता क्लाराच्या मैदानावर खेळावी लागली. अशाने गल्ला काय जमणार!

खरं तर तुमचा आक्षेप देणग्यांवर हवा होता. लक्ष्य १ कोटी डॉलरचं, एप्रिल २०११ पर्यंत आश्वासनं सुमारे ९० लाखांची. तेवढ्यावर संघ वाचला. पण असे पैसे काही वर्षं पुरतात, आणि श्रीमंत माजी खेळाडू नसलेल्यांनी काय करायचं? बॉयसी स्टेट विद्यापीठाने चाळीस वर्षांनी बेसबॉल पुन्हा सुरू केला आणि २०२० च्या जुलैत, पहिला हंगामही धड पुरा न होता, बंद केला.

आता ११.७ ची अटही गेली. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या खटल्यातल्या जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेली विद्यापीठं बेसबॉलच्या ३४ च्या ३४ खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात. लुइझियाना स्टेटसारख्या गर्दी खेचणाऱ्यांना ते झेपेल. इतरांचं काय, त्यावर पुढचा लेख लिहायला घेतला आहे. तिथेही असंच धारेवर धरा.