सर्टिफिकेट टाकायला सांगणारा तो प्रॉक्सीचा मेसेज पुढे पाठवू नका

भाच्याच्या हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा एक मेसेज परवा त्यानं मला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, झालं काम!’

त्याचा लॅपटॉप जुना, २ जीबी रॅमचा, म्हणून तो डिलो हा हलका ब्राउझर वापरतो. हॉस्टेलचं नेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका संगणकातून, जातं आणि त्यासाठी कॉलेजनं पॅक फाइलची, म्हणजे कुठल्या साइटला कुठून जायचं ते ब्राउझरला सांगणाऱ्या फाइलची, लिंक दिली आहे. डिलोला पॅक फाइल वाचताच येत नाही. अशा ब्राउझरसाठी मेसेजमध्ये उपाय दिलेत ते असे: फाइल उघडून त्यातला पहिला पत्ता हाताने भरा, नाही चाललं तर नेटवरचा कुठलाही फुकट प्रॉक्सी घ्या, त्यानं सर्टिफिकेट टाकायला सांगितलं तर बिनधास्त टाका, ‘कुलूप दिसतंय म्हणजे सेफ’. वर हेही की कॉलेजची पॅक फाइल पासवर्ड वाचते, तेव्हा ती टाळलेलीच बरी.

आधी सर्टिफिकेटचं, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याचं बोलते, कारण पोरानं ते टाकलंही होतं.

साधा प्रॉक्सी एचटीटीपीएसच्या, म्हणजे कुलूपवाल्या साइटच्या वेळी नुसता मधला पोस्टमन असतो. ब्राउझर त्याला ‘कनेक्ट’ म्हणून साइटचं नाव आणि पोर्ट सांगतो. पुढचा सगळा मजकूर बंद पाकिटातून जातो. प्रॉक्सीला पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. मग त्याला तुमच्या मशीनवर स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्या दाखल्यांना खरं ठरवणारा मूळ दाखला, कशाला हवं? पाकीट फोडायला. ते एकदा टाकलं की तो बँकेच्या नावाचं, मेलच्या नावाचं सर्टिफिकेट स्वतःच बनवतो आणि तुमचा ब्राउझर ते खरं मानतो. कुलूप दिसतं, पण ते त्या प्रॉक्सीवाल्याचं असतं. म्हणजे ज्या खुणेवर विसंबायला हा मेसेज सांगतो, तीच खूण त्यानं आधी निकामी करून ठेवलेली असते.

ही नुसती भीती नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच टाकून येत होतं. ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवायचं, आणि त्याची खासगी किल्ली, म्हणजे नवे दाखले बनवायचा गुप्त शिक्का, सगळ्या मशीनवर एकच होती. ती किल्ली बाहेर काढली गेली, तेव्हा त्या लॅपटॉपांसमोर कुणालाही कुठलीही साइट असल्याचं सोंग घेता येऊ लागलं. २० फेब्रुवारी २०१५ ला अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं इशारा काढला आणि सॉफ्टवेअरबरोबर सर्टिफिकेटही काढून टाकायला सांगितलं. हे नामांकित कंपनीच्या मशीनवर झालं. फुकट प्रॉक्सीवाला तर कोण, कुठला, हेही तुम्हाला माहीत नसतं.

पासवर्ड वाचण्याचा आरोप चुकीचा आहे. पॅक फाइल म्हणजे जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन. त्याला पत्ता द्यायचा, ते ‘या प्रॉक्सीतून जा’ किंवा ‘थेट जा’ एवढंच सांगतं. पानावर तुम्ही काय टाइप केलंत ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. एक मात्र मान्य करावं लागेल: पूर्वी ब्राउझर या फंक्शनला एचटीटीपीएसचा अख्खा पत्ता देत, आणि दुष्ट हेतूनं लिहिलेली फाइल तो बाहेर फोडू शकते हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षी क्रोमनं फक्त साइटचं नाव द्यायला सुरुवात केली. म्हणजे अनोळखी माणसाची पॅक फाइल वापरू नये हे खरंच. पण त्यावर उपाय म्हणून अनोळखी माणसाचा प्रॉक्सी?

पहिला पत्ता हाताने भरणं कधीकधी चालतं, ठीक आहे. फाइलमध्ये एकच प्रॉक्सी असेल तर. पण बहुतेक फाइलींमध्ये आतल्या साइटी थेट, बाकीच्या प्रॉक्सीतून, तो बंद असेल तर दुसऱ्यातून, अशा अटी असतात. त्या सोडून दिल्या की लायब्ररीची साइट उघडत नाही आणि पोरं नेटला शिव्या घालतात.

सरळ उपाय हा: पॅक फाइल वाचणारा छोटा प्रॉक्सी आपल्याच मशीनवर चालवायचा. पीएक्स हा त्यातला एक, फुकट आणि ओपन सोर्स. त्याला कॉलेजची लिंक द्यायची आणि डिलोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१ (हा आपल्याच मशीनचा पत्ता), पोर्ट ३१२८ लिहायचं. कुठून जायचं ते पीएक्स ठरवतो, डिलोला काही कळायची गरज नाही. कमांड लिहून नेटवरून फाइली उतरवायचं कर्ल हे साधनही पॅक फाइल वाचत नाही. त्यालाही हाच पत्ता चालतो.

भाच्याला रात्री साडेअकरापर्यंत फोनवर बसवून सर्टिफिकेट काढायला लावलं, मग फोनच्या नेटवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले. ज्यांनी ते टाकलंय, त्यांनी आजच एवढं करा.