सीबीनॅटला विचारलेला चुकीचा प्रश्न

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फुप्फुसाच्या क्षयाच्या तपासण्यांवरचा माझा लेख म्हणजे सीबीनॅट या मशीनवरच्या तपासणीची जाहिरात. तुम्ही ४० वर्षं सूक्ष्मदर्शकावर रुग्ण शोधलेत. आणि शेजारच्या बाईंचा औषधांचा कोर्स पूर्ण झाला, स्लाइड (काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला बेडका) निगेटिव्ह आली, तरी सीबीनॅट पॉझिटिव्ह. म्हणजे मशीन खोटं बोलतं.

शेवटच्या मुद्द्यात चूक माझी आहे. सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधतं. जंतू जिवंत की मेलेला, ते त्याला कळत नाही. औषधांनी मेलेल्या जंतूंचे अवशेष बेडक्यातून पुढे कित्येक महिने पडत राहू शकतात. म्हणून औषध लागू पडतंय का, हे बघायला ती तपासणी करायचीच नसते. तिथे तुमची स्लाइड आणि कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं. लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं, आज घातलंय. त्या बाईंचं कल्चर लावलं होतं का, तेवढं विचारून बघाल?

पण ‘स्लाइडवर दिसला नाही म्हणजे क्षय नाही’ हे काही पटत नाही. गणित तुमच्याच टेबलावरचं आहे. स्लाइडवर पसरतो तो बेडका जेमतेम ०.०१ मिलि. ऑइल लेन्सखाली त्याची साधारण १०,००० फील्ड (एका वेळी नजरेत येणारे भाग) होतात, आपण बघतो १००. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०,००० जंतू असले, तर त्या शंभरात सरासरी एक लाल काडी, म्हणजे रंगवलेला जंतू, भेटणार. सरासरी, हं! नशीब नसेल तर तीही नाही. कल्चरला मिलिलिटरमागे १० ते १०० जिवंत जंतू पुरतात. सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजला (नमुना घालायच्या डबीला) १३० च्या आसपास लागायचे, नव्या ‘अल्ट्रा’ कार्ट्रिजला १६. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या आणि लहान मुलांच्या नमुन्यात जंतू मुळातच कमी. तिथे आपली नजर कितीही तयार असली तरी हरते.

शिवाय लाल काडी रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देते की नाही, हे रंगावरून कसं कळणार? कार्ट्रिज ते दोन तासांत सांगतं. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल मात्र तेही मुकं. कल्चर सगळं सांगतं, पण एलजेवर (जंतू वाढवायच्या घट्ट माध्यमावर) निगेटिव्ह म्हणायला आठ आठवडे थांबावं लागतं, आणि खोकणारा माणूस तोवर घरात खोकतच असतो.

जाहिरातीचं म्हणाल, तर मला कुठल्याही कंपनीकडून छदाम मिळालेला नाही. तरी तुमचा संशय अगदीच अनाठायी नाही. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय सांगणारी किट्स वर्षानुवर्षं खपली. २०१२ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्यावर बंदी घालावी लागली.

जाता जाता एक काम. स्लाइडवरचं कार्बोल फुक्सिन (जंतू लाल रंगवणारा रंग) तापवताना वाफ दिसली की ज्योत काढायची, उकळू द्यायचं नाही, हे आमच्या नव्या मुलांच्या हातात अजून बसत नाहीये. एखाद्या शनिवारी लॅबमध्ये येऊन दाखवाल का?