प्रभूने भेट दिली, आता घरी जा

संजीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठी मंडळी भरवते त्या सभेत, एखाद्याला प्रभूचा स्पर्श होतो आणि पुढच्याच रविवारी त्याच्या हातात माइक येतो. साक्ष द्या म्हणतात, म्हणजे प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगा. कुणीतरी मोबाइलवर शूट करतं आणि संध्याकाळपर्यंत ती साक्ष सगळ्या ग्रुपवर फिरते. सोलापुरातल्या चर्चच्या पाळकांना आणि वडीलमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, हे थांबवा. निदान सहा महिने तरी.

बायबलमधला मार्क ५ काढून बघा. गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस भूतबाधेतून सुटला आणि नावेत चढणाऱ्या येशूला विनवू लागला, मला तुमच्यासोबत येऊ द्या. येशूने नाही म्हटलं. घरी जा, आपल्या माणसांत जा, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग. साक्ष द्यायची होतीच, पण पहिली घरच्यांपुढे. त्याला बेड्या घालून, साखळ्यांनी बांधून ठेवलेलं ज्यांना माहीत होतं, त्यांच्यापुढे शब्दांची मोठी भाषा चालत नाही. खरोखर बदल झाला की नाही हे बायकोला, आईला, शेजारणीला आधी कळतं.

आता घरी जाऊन करायचं काय? नव्या उत्साहात माणूस पहाटे चारला उठतो, दोन-दोन तास गुडघ्यावर बसतो. काही आठवड्यांत अंग थकतं, एक दिवस चुकतो, मग अपराधी वाटतं आणि सगळंच सुटतं. म्हणून वीस मिनिटं ठरवा. पाच मिनिटं एखादं स्तोत्र, दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं प्रार्थना. उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. उत्पत्ती छान जाते, निर्गमाचा पहिला अर्धा भागही जातो. पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे इस्राएलच्या उपासनेच्या तंबूची, मापं लागतात, पुढे लेवीयमध्ये अर्पणांचे नियम, आणि बहुतेकांचं बायबल तिथंच मिटतं. आधी मार्क घ्या, सोळाच अध्याय आहेत. मग योहान, मग प्रेषितांची कृत्ये. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तरी ५२ आठवड्यांत पूर्ण होतो आणि दोन दिवस चुकलेलं भरून काढायला राहतात. वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहा, आज मी काय करणार. 'देव प्रेमळ आहे' ही ओळ इथं उपयोगाची नाही. 'आज जाऊबाईंशी बोलायचं' ही उपयोगाची.

आपल्या शहराचं वेळापत्रक वेगळं आहे, हेही धरून चला. नळाला पाणी रोज येत नाही, येतं तेही कधी मध्यरात्री. पाण्याच्या दिवशी स्तोत्र ११७ घ्या, दोनच वचनं आहेत. पाणी भरताभरता पाठ होतं. लूमवर रात्रपाळी असेल तर घरी आल्यावर, झोपण्याआधी वाचा; पहाटच हवी असा नियम बायबलमध्ये नाही. विड्या वळणाऱ्या बायकांचे हात मोकळे नसतात, तिथं मुलीने मोठ्याने वाचावं किंवा फोनवर बायबल ऐकावं. आणि घरात तेलुगू बोलत असाल तर वाचन-प्रार्थना तेलुगूतच करा. ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत पश्चात्ताप खोल जातो.

पण सगळ्यात जास्त अडतं ते पैशाच्या जागी. जकातदार जक्कय (लूक १९) उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. ते ऐकल्यावर येशू म्हणाला की आज या घराला तारण झालं. वहीत तीन रकाने पाडा: कुणाचे, किती, कधीपासून. किराणा दुकानाची उधारी, भिशीचा थकलेला हप्ता, मालकाकडून घेतलेली उचल, भावाच्या वाट्याची जमीन, सगळं त्यात आलं पाहिजे. सगळ्यात लहान रक्कम आधी फेडा. मोठी एकदम जमत नसेल तर स्वतः जाऊन भेटा, महिन्याला ५०० ठरत असतील तर ५००, पण ठरल्या तारखेला. माफी मागताना 'पण तुम्हीही तेव्हा…' हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. तिथंच सगळं फिस्कटतं. प्रभूने माफ केलं म्हणून दुकानदाराच्या वहीतलं नाव खोडलं जात नाही. उधारी बुडवून मंडळीला दिलेला दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मला तरी मान्य नाही. मत्तय ५:२३-२४ नीट वाचा: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. एक मात्र आहे, ज्या गोष्टीच्या कबुलीने तिसऱ्याच माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल, ती आधी पाळकाशी एकांतात बोला.

उपवासाबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी सोडू नका, शुगर असणाऱ्यांनी उपवास धरूच नये. विश्वास वाढला म्हणून बीपीची किंवा टीबीची गोळी बंद करणं हा विश्वास नव्हे.

घरातल्या दुसऱ्याला ही भेट अजून झालेली नसेल तर घाई करू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली वर्षं दोघांनी किती सोसलं! त्या आल्या त्या स्वतःच्या मनाने आल्या.

आणि जन्मापासून मंडळीत असलेल्यांसाठी: पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला, पण ख्रिस्त आपल्याला व्यक्तिशः भेटला तो त्यानंतर आठ वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे त्यांनी दुष्काळातल्या मुली केडगावला आणून सांभाळल्या, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल स्वतः मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, ते १९२४ साली छापून निघालं. पुण्याच्या गाडीत दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. आपल्या मुलांना ते दाखवत जा.

भावना ओसरते तेव्हा काय करायचं ते प्रकटीकरण २:५ मध्ये आहे: आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. पहिल्या भावना परत आण असं तिथं म्हटलेलं नाही. पण एकट्याने हे निभत नाही. प्रत्येक नव्या विश्वासणाऱ्यासोबत एक अनुभवी माणूस हवा, पुरुषाला पुरुष, बाईला बाई. आठवड्याला अर्धा तास, सहा महिने. काय वाचलं, कुणाला भेटलास, कुठं अडलं, एवढंच विचारावं. प्रवचन देऊ नये. सभेच्या तयारीत मंडप, साउंड, वर्गणीची समिती होतेच. या सोबत्यांची नावंही त्याच बैठकीत, सभेच्या आधी लिहून काढा, आणि कुणाची कामाची पाळी कोणती, घर कुठल्या पेठेत, हे बघून जोड्या लावा.