‘माणसाएवढं, माशा खाणारं’ फूल: जरा खुलासा

कालपासून एक फोटो फिरतोय. माणसाहून उंच फूल आणि खाली ओळ: ‘सुमात्राच्या जंगलातलं रॅफ्लेशिया, माशा खाऊन जगतं.’ दोन्ही चूक.

फोटोतलं झाड टायटन अरम. तेही सुमात्राचंच, पण आपल्या सुरणाचं आणि पावसाळ्यातल्या शेवळ्याचं भाऊबंद. जमिनीत कंद, वर पान, स्वतःचं अन्न स्वतः करणारं. आणि ते एक फूल नव्हे, फुलोरा आहे.

रॅफ्लेशियाला ना पान, ना खोड, ना मूळ. द्राक्षाच्या कुळातल्या एका रानवेलीच्या आत ते बारीक धाग्यांसारखं पसरून राहतं. बाहेरून पाहून पत्ताही लागत नाही. मग वेलीची साल फाडून कोबीच्या गड्ड्यासारखी कळी वर येते. तिला फुगायला कित्येक महिने लागतात, आणि उमललेलं फूल जेमतेम आठवडाभर टिकतं. पाच जाड, लालसर पाकळ्या, त्यांवर पांढुरके ठिपके. सर्वांत मोठ्या जातीत रुंदी सुमारे 1 मीटर, पण बसलेलं जमिनीलगत.

माशा येतात त्या सडक्या मांसासारख्या वासाने. परागकण पाठीवर घेऊन उडून जातात. त्यांना कोणी खात नाही; लुबाडली जाते ती वेल!